कच्चा दाणा या दारातून जाणार नाही

मी, शेवटच्या पानावर सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर पूर्ण, धंदा सोयाबीन भाजून कोंबड्यांच्या आणि गुराढोरांच्या खाद्यासाठी देणे, हा कागद माझ्या भट्टीच्या ऑफिसात बसून, दिवसाढवळ्या, स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. आणायचा प्रयत्न झाला, त्याची हकीकत पुढे येईल. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी तसला कागद पुढे केला तर तो खोटा समजावा आणि पुढे करणाऱ्याचं तोंड नीट बघून ठेवावं.

कायद्याला लागणारी पूर्ण नावं, पत्ते आणि नोंदणीचे आकडे वकिलांनी सोबतच्या यादीत भरले आहेत. मी ज्याला जसं ओळखते तसंच इथे लिहिणार. वकील म्हणाले, "बाई, एवढं सविस्तर लिहायची गरज नसते. कोणाला काय, एवढं पुरे." मी म्हटलं, "कोणाला काय हे अर्ध्या पानात होईल. पण 'का' ते मी लिहिलं नाही, तर माझ्या मागे प्रत्येक जण आपापलं 'का' तयार करेल."

कलम १. माझ्या डोक्याबद्दल

मी शुद्धीत आहे असं नुसतं लिहून भागणार नाही, कारण त्याबद्दल शंका घेतली गेली आहे. माझ्या एकुलत्या एक मुलाने, ज्याला मी यापुढे चिरंजीव म्हणेन, मे महिन्यात मला "बीपी बघून येऊ" असं सांगून गाडीत बसवलं आणि नेलं ते डोक्याच्या डॉक्टरांकडे. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. त्यांनी विचारलं, आजी, आज वार कोणता? सांगितला. म्हणाले, शंभरातून सात-सात वजा करत चला. मी दोनावर येऊन थांबले आणि विचारलं, "पुढे शून्याच्या खाली जाते, चालेल का?"

मग मी म्हटलं, "आता माझा एक प्रश्न. कोंबडीला कच्चं सोयाबीन खायला घातलं तर काय होतं?" त्यांना सांगता आलं नाही. म्हणून मी सांगितलं. कच्च्या दाण्यात असं काही असतं की खाल्लेलं अंगी लागत नाही. कोंबडी खाते, पुन्हा खाते, खातच राहते, पण वाढत नाही. खालचा भुसा ओला होतो आणि शेडला वास सुटतो. आच दिली की ते जातं. आच कमी पडली तर दाणा कच्चा, जास्त झाली तर दाणा करपून त्यातला कसच जळतो. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद फट आहे. त्या फटीत मी एकेचाळीस वर्षं उभी आहे.

डॉक्टर हसले. चिरंजीव हसले नाहीत. डॉक्टरांनी माझी बुद्धी उत्तम असल्याचा दाखला लिहून दिला, तो या कागदाला टाचला आहे. तपासणीचा खर्च चिरंजीवांनीच केला, त्याबद्दल आभार.

कलम २. माझ्या दिरांना

लग्न होऊन मी आले तेव्हा घरचा धंदा मका दळण्याचा होता. नंतर माझ्या नवऱ्याने सोयाबीन भाजायचा आडवा ड्रम बसवला. ड्रम फिरतो, खाली बर्नर पेटलेला असतो, एका तोंडाने दाणा आत जातो आणि दुसऱ्या तोंडाने भाजून बाहेर पडतो. बाहेर पडताना तो एकशे वीस अंशांच्या वर तापलेला हवा, आणि त्यानंतर अर्धा तास झाकलेल्या पेटीत आपल्याच उष्णतेत मुरायला हवा. ड्रम धाकट्या दिरांच्या ताब्यात होता. माझ्याकडे पोती शिवायचं काम.

शिवता शिवता प्रत्येक घाण्यातला एक दाणा मी दाताखाली फोडून बघायची. मला कोणी शिकवलं नव्हतं. नीट भाजलेला दाणा कुडकन फुटतो आणि खमंग लागतो. कच्चा दाणा दाताला चिकटतो आणि जिभेवर हिरव्या गवताची चव ठेवून जातो.

एका हिवाळ्यात इंधन महागलं. दिरांनी मोटरची पुली काढून तिच्या जागी मोठी बसवली. ड्रम भराभर फिरायला लागला, दाणा निम्म्या वेळात बाहेर, इंधन निम्मं. "वहिनी, डोकं लागतं याला," असं मला ऐकवूनही झालं. तिसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "भावोजी, दाणा कच्चा येतोय."

"तुम्ही पोती शिवा."

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "यंत्रातलं त्याला कळतं. तू मध्ये पडू नकोस."

मी मध्ये पडले नाही. पुढचे एकोणीस दिवस दाणा कच्चा आहे हे जिभेवर घेऊन मी पोती शिवत राहिले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही असं नाही, पण लिहून ठेवलेलं नव्हतं. आता लिहिलं.

विसाव्या दिवशी कोंबडीवाली आली. एकटी बाई, बाराशे पक्ष्यांची शेड, सगळं खाद्य आमच्याकडचं. तिच्यामागे आणखी चार-पाच शेडवाले होते. तिने टोपलीतून एक पिल्लू काढून नवऱ्याच्या टेबलावर ठेवलं. "अठ्ठावीस दिवसांचं आहे. हातात घेऊन बघा." ते पिल्लू नवऱ्याच्या ओंजळीत मावलं.

नवरा म्हणाला, "पिल्लंच मुळात बारकी आली असतील. हॅचरीवाल्याला विचारा."

दीर म्हणाले, "पाणी बदललंय का?"

ती म्हणाली, "हॅचरी तीच, पाणी तेच, मीही तीच. बदललंय ते तुमच्या पोत्यातलं."

मी उठले. हातात पोती शिवायचा दाभण तसाच होता. म्हटलं, "दाणा कच्चा आहे. एकोणीस दिवस कच्चा जातोय. मला माहीत होतं."

"आत जा," नवरा म्हणाला. आवाज चढवला नाही, पण तसा त्याचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

"जाते. पण पोती बाहेर जाणार नाहीत." असं म्हणून मी आत गेलेच नाही. दारात भरून ठेवलेल्या पोत्यांवर जाऊन बसले. दीर मला उठवायला आले, माझ्या हातातला दाभण बघून थांबले. दोन तासांनी कोंबडीवालीने बोलावलेले गुरांचे डॉक्टर तपासणीची बाटली घेऊन आले. त्या पिवळसर पाण्याला आम्ही तेव्हापासून लाल पाणी म्हणतो, कारण भरडलेल्या सोयाबीनवर ते शिंपडलं की कच्चा कण लाल होतो. चांगल्या भाजणीत पाच मिनिटांनी इथे-तिथे एखादा लाल ठिपका दिसतो. आमच्या ताटात एक दाणाभर जागा पिवळी राहिली नाही.

विकलेली सगळी पोती आम्ही परत आणली आणि पुन्हा भाजली. कोंबडीवालीच्या पुढच्या बाराशे पक्ष्यांचं खाद्य आम्ही फुकट घातलं. तरी ती बाई सावरायला दोन वर्षं गेली. दीर त्याच महिन्यात आपला वाटा घेऊन वेगळे झाले, त्याचे कागद यादीत आहेत. भट्टीवर त्यांचा किंवा त्यांच्या मुलांचा काडीचा हक्क नाही.

नवरा माझ्याशी अकरा महिने बोलला नाही. ताट वाढलं की तो ते पुढे ओढायचा, एवढाच काय तो आमचा संसार चालू असल्याचा पुरावा. बाराव्या महिन्यात एका सकाळी त्याने ड्रमचा थर्मामीटर फडक्याने पुसून माझ्यापुढे ठेवला. "हे आता तुझ्याकडे," म्हणाला. माफी वगैरे नाही. मीही मागितली नाही, त्याची किंवा माझी. त्यानंतर तो अकरा वर्षं जगला आणि त्या अकरा वर्षांत ड्रमच्या वेगाला त्याने मला विचारल्याशिवाय हात लावला नाही. जाताना भट्टी, जागा आणि घर माझ्या नावावर करून गेला.

तर माझ्या दिरांना, जे आजही जिथे-तिथे सांगतात की बाईच्या जिभेवर धंदा चालवणारं हे एकच घर, मी ती मोठी पुली देत आहे. तिला गंज चढू नये म्हणून दर वर्षी तेल लावलं आहे. वजन साडेचार किलो. वाऱ्याने दार आपटत असेल तर अडसर म्हणून उत्तम.

कलम ३. घर

भट्टीमागचं तीन खोल्यांचं घर, स्वयंपाकघरातल्या भांड्यांसकट, चिरंजीवांना. अट कोणतीही नाही.

शाळेत मुलं त्याला "भाजका" म्हणायची, कारण त्याच्या कपड्यांना, वह्यांना, केसांना भट्टीचा वास यायचा. तो दिवसातून दोनदा साबणाने अंग घासायचा, कोपरं लाल होईस्तोवर. एकदा म्हणाला, "आई, आपण दुसरं काही करू शकत नाही का?" मी त्याच्या थोबाडीत मारली. तो तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याला लाज आमची वाटत नव्हती, वासाची वाटत होती, एवढं समजून घ्यायला मला फार वर्षं लागली. ती थोबाडीत मी या कलमाद्वारे परत घेते. बाकी काही परत घेत नाही.

कलम ४. भट्टी विकण्याबद्दल

चिरंजीव एका मोठ्या खाद्यकंपनीत वरच्या हुद्द्यावर आहेत. स्वतःच्या हिमतीवर चढले, त्याचा मला अभिमान आहे. एप्रिलमध्ये ते त्यांच्या साहेबांना घेऊन आले. साहेबांनी छापलेलं एक नमुन्याचं पोतं टेबलावर पसरलं. त्यावर माझा फोटो, कपाळावरच्या सुरकुत्या जरा कमी केलेला, आणि खाली मोठ्या अक्षरात "आजींच्या भट्टीचा भरवसा". ड्रम काढायचा, जागेचं गोदाम करायचं, आणि हे पोतं दूरदूरपर्यंत विकायचं, असा बेत होता.

"आणि आत दाणा कुठला?" मी विचारलं.

"ती काळजी आमची. तुम्ही आता आराम करा."

पोत्यासोबत आतल्या मालाची पिशवीही होती. मी त्यातला मूठभर माल ताटलीत घेतला, लाल पाणी टाकलं आणि चहा मागवला. चहा यायच्या आत ताटली लाल झाली. साहेब ताटलीकडे बघून म्हणाले, "फोटो मात्र छान आलाय."

ते गेल्यावर चिरंजीव मला म्हणाले, "आई, बाजारात असंच चालतं. मक्यात मिसळलं की कळत नाही."

"कोणाला कळत नाही?"

"कोणालाच."

"कोंबडीला कळतं," मी म्हटलं. "आणि तुझ्या आईला."

त्यानंतर पाच आठवड्यांनी बीपी तपासायची टूम निघाली. आईचं डोकं ठिकाणावर नाही असा कागद मिळाला असता, तर सही करायचा अधिकार चिरंजीवांकडे आला असता. हे मला वकिलांनी समजावलं. त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जेवले, आणि वकिलांना म्हटलं, लिहायला घेऊ.

म्हणून लिहिते: माझा फोटो, माझं नाव, "आजी" हा शब्द आणि या भट्टीचं नाव कोणत्याही पोत्यावर, गाडीवर किंवा पाटीवर कोणीही, कितीही पैसे दिले तरी, वापरायचं नाही. मेल्यावर मी कोणाचीही आजी नाही.

कलम ५. भट्टी

भट्टी, तिची जागा, ड्रम, भरड यंत्र, वजनकाटा, आजचा शिल्लक माल आणि थर्मामीटर, सगळं माझ्या सुनेला.

कागदोपत्री ती माझी सून नाही. चिरंजीवांनी दुसऱ्या शहरात दुसरं बिऱ्हाड केलं आणि आठ वर्षांपूर्वी दोघांची रीतसर फारकत झाली. तिचा भाऊ तिला न्यायला आला होता, सामान भरायला रिकामी खोकीसुद्धा घेऊन. ती त्याला म्हणाली, "मी इथे सून म्हणून राहत नाही, दादा. कामाला आहे. रजा मिळाली की येते." मग माझ्याकडे वळून विचारलं, "मिळेल ना?" मी म्हटलं, "महिन्याला चार सुट्ट्या. जास्त नाही." भाऊ खोकी घेऊन परत गेला.

लोक म्हणतील, म्हातारीने मुलावरच्या रागापायी सुनेला दिलं. कोणी म्हणेल, दया आली. दोन्ही खोटं. खरं काय ते लिहिते.

अडीच वर्षांपूर्वी मला मोठा ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. चहा आणि कोमट पाणी मला सारखंच. मी कोणाला बोलले नाही. चिरंजीवांनी माझं डोकं तपासलं. तपासायची होती ती जीभ. मी पूर्वीसारखाच घाण्यातला दाणा तोंडात टाकायची, त्याचा कुडकन आवाज ऐकायची आणि मान हलवायची. चव घेतल्याचं नाटक करायची. चाळीस वर्षं जिने "दाणा कच्चा आहे" म्हणून साऱ्यांना दटावलं, ती मी.

एका दुपारी ट्रक भरत होता. थर्मामीटरच्या टोकावर काजळी बसली होती, आकडा खोटा दाखवत होता. दाणा वरून कडक आणि आतून कच्चा. मी फोडला, कुडकन वाजला. "चढवा," म्हटलं. साठ पोती चढली.

सून ताटली घेऊन आली. "आई, उतरवायला सांगा."

"मी चाखलाय."

"मी लाल पाणी टाकलंय."

"लाल पाणी या भट्टीत कोणाच्या काळात आलं? मला शिकवू नकोस. हो बाजूला." पाच कामगार आणि ड्रायव्हर ऐकत होते. माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल.

ती बाहेर गेली आणि ट्रकच्या पुढच्या चाकासमोर मातीत मांडी घालून बसली, ताटली मांडीवर घेऊन. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. तिने ताटली वर करून त्याला दाखवली, जसं काही त्याला त्यातलं कळणारच होतं. मी तिला हाताला धरून उठवायला गेले. जवळ गेल्यावर ताटली दिसली.

मला माझ्या नवऱ्याचा आवाज आठवला, "आत जा" म्हणतानाचा. माझा आवाज चढलेला होता, त्याचा नव्हता, पण धार तीच होती.

"उतरवा," मी म्हटलं. साठ पोती उतरवायला संध्याकाळ झाली.

मग ऑफिसात तिने दार लोटलं आणि विचारलं, "आई, चव कधीपासून नाही?"

"तुला कोणी सांगितलं?"

"परवा भाजीत मीठच नव्हतं. तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्ही, आणि नाव न ठेवता जेवलात! तेव्हाच मला कळलं."

मी रडले. तिने पाणी दिलं, पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही, आणि मला तेच बरं वाटलं. त्या दिवसापासून प्रत्येक घाणा ती पास करते. मी फक्त खुर्चीत बसते आणि मान हलवते. गेली दोन वर्षं या दारातून गेलेला एकेक दाणा तिच्या शब्दावर गेला आहे, माझ्या नाही. भट्टी मी तिला देत नाही आहे. ती तिची झालेलीच आहे, मी फक्त लिहून ठेवते आहे.

तिला दुसरं लग्न करायचं असेल तर करावं. ड्रम मोडीत काढून नवं यंत्र आणायचं असेल तर आणावं. मला जुन्या लोखंडाचा मोह नाही. कंटाळली तर भट्टी बंद करून कुलूप लावावं. पण कच्चा दाणा विकायचा नाही. चिरंजीवांना हे कलम मान्य नसेल तर त्यांनी कोर्टात जरूर जावं. डॉक्टरांचा दाखला वर टाचला आहे.

कलम ६. किरकोळ

बँकेतली ठेव: अर्धी ड्रमवरच्या मिस्त्रींना. त्यांचा डावा कान या ड्रमच्या आवाजाने गेला आणि त्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, निदान मला ऐकू येईल अशी नाही. उरलेली अर्धी सुनेला, पोती शिवायचं नवं यंत्र घ्यायला. हत्यारांची लोखंडी पेटीही मिस्त्रींची. तिच्यातला मोठा पाना समोरच्या गॅरेजवाल्याने नेलेला आहे, तो त्यांनी स्वतः जाऊन आणावा. मी सहा वेळा सांगून थकले.

माझ्या साड्या ज्याला हव्यात त्याने घ्याव्यात. वास जाणार नाही.

कलम ७. मी जाईन त्या दिवशी

मी गेल्याचा निरोप भट्टीवर येईल तेव्हा बहुतेक ड्रम फिरत असेल. सवयीने कोणीतरी आधी बटण बंद करायला धावेल. त्याला तिथेच अडवा. दाणा आत असताना ड्रम थांबला तर तळाचा जळतो, वरचा कच्चा राहतो, आणि कधी कधी आग लागते.

तेव्हा ड्रम रिकामा होऊ द्या. दाणा अर्धा तास झाकून ठेवा. तपासा. थंड करा. पोती भरा, शिवा, मोजून रचा. हातपाय धुवा. मग या.

मी थांबेन. त्या दिवशी मला दुसरीकडे कुठे जायचं नसेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून बघितला, आणि त्यातला एकही शब्द खोडायची माझी इच्छा नाही.

सही: (भट्टीवाली बाई)

साक्षीदार पहिले: शेजारच्या मोठ्या वजनकाट्याचे मालक. "कागदातला मजकूर मी वाचलेला नाही. बाईंनी माझ्या डोळ्यांदेखत सही केली आणि पेन परत मागून घेतलं, एवढं खरं."

साक्षीदार दुसऱ्या: निवृत्त मुख्याध्यापिका. "सही माझ्यासमोर झाली. तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारले, बाईंच्या परवानगीने. शब्द सगळे त्यांचे."

ठिकाण: भट्टीचं ऑफिस
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२३, गुरुवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं